फळ्यावरचा पाऊस

वडगाव रासाईच्या आमच्या दूध केंद्राच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. डाव्या अर्ध्या भागावर मी लिहितो: गुरांचा डॉक्टर कधी येणार, पेंड आली का, असलं काहीबाही. उजवा अर्धा भाग तीन वर्षं झाली जयसिंगआबांचा. रोज सकाळी सव्वासातच्या सुमाराला आबा दुधाचा कॅन माझ्यापुढं ठेवायचे, खिशातनं स्वतःचा खडू काढायचे आणि तारीख, कालचं कमाल तापमान, आजचं किमान, वारा, आभाळ असं एकाखाली एक लिहायचे. केंद्रातला खडू त्यांना चालत नसे. तो भुसभुशीत असतो, आकडा पुसट उठतो आणि पुसट आकड्याचा कुणीही काहीही अर्थ लावतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात खाली एक ओळ असायची, 'अंदाज'. त्या ओळीसाठी लोक कॅन हातात धरून थांबायचे.

आबा एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं होते. रसाची गोडी बघायची, रसाचं तापमान बघायचं, वहीत उतरवायचं, परत तासाभरानं तेच. त्या नोकरीनं त्यांना एक स्वभाव देऊन टाकला होता. दुसऱ्यानं घेतलेला आकडा ते मानतच नसत. मी त्यांच्या दुधाचं फॅट सांगितलं की मशीनवर वाकून स्वतः बघणार. किती वाजले असं विचारलं तर सांगणाऱ्याच्या तोंडाकडं नाही, मनगटाकडं बघणार. मोबाईलवर फिरणारे हवामानाचे मेसेज तर त्यांना डोळ्यांपुढं नको असत.

"लाल अक्षरात लिव्हलंय म्हंजी खोटं हाय," ते म्हणायचे. "ज्याला खरं म्हाईत असतं त्यो काळ्या अक्षरात लिव्हतो."

वेधशाळेचा अंदाज ते वाचायचे, पण तोही चष्म्याच्या वरून. "जिल्हा केवढा, आन् त्यात आपलं गाव कुठं?"

त्यांचा भरवसा होता तो घराच्या उत्तरेकडच्या पडवीत खिळ्याला अडकवलेल्या तापमापीवर. लाकडी पाटीवर वाकवलेली काचेची नळी, आत पारा, आणि पाऱ्यानं ढकललेल्या दोन बारीक खुणा. रात्रीत तापमान खाली कुठवर गेलं तिथं एक खूण थांबते, दिवसा वर कुठवर चढलं तिथं दुसरी. सकाळी किमान, संध्याकाळी कमाल बघून घेतलं की बटण दाबायचं, दोन्ही खुणा पाऱ्यावर परत येऊन बसतात. रिटायर झाल्यावर आबांनी ती मुद्दाम पुण्याहून आणली होती. घरात तिला 'काच' म्हणत आणि काचेला आबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम होता. साखरबाई म्हणजे आबांची बायको. एकदा जळमटं काढताना त्यांच्या हातून काचेला केरसुणी लागली, तर घरात दोन दिवस बोलणं बंद होतं.

आबांचं गणित साधं. उत्तरेचा कोरडा वारा असला की पहाटेचा आकडा खाली राहतो. वारा फिरून दक्षिणेकडचा दमटपणा यायला लागला की रात्री उबदार होतात, मग ढग येतात, मग एखाद्या दुपारी अवकाळी. दोन हिवाळे त्यांचा अंदाज सहसा चुकला नव्हता. फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्याकडं सगळाच माल उघड्यावर असतो. कुठं कांदा काढून ठेवलेला, कुठं हरभरा खळ्यावर, गहू पिवळा पडत आलेला. त्यामुळं थंडी सरताना त्या फळ्याला फार किंमत असायची.

गेल्या वर्षी महाशिवरात्रीला आठवडा राहिला असेल. फळ्यावरचं किमान अकरा, साडेअकरा असं चाललं होतं. एके दिवशी आबांनी चौदा लिहिलं. दुसऱ्या दिवशी सोळा. मग पंधरा, मग सतरा.

त्या सतराच्या दिवशी भैरू माझ्यापुढं दूध ओतत होता. भैरू आबांचा शेजारी. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, आता त्याचं बागायत आहे, चार म्हशी आहेत, पण वाऱ्याकडं बघायची सवय गेलेली नाही. त्यानं फळा वाचला आणि स्वतःची बोटं पुढं केली.

"आबा, हितं माझी बोटं वाकंनात, आन् तुमची काच सतरा म्हणती?"

"काचेला थंडी वाजत न्हाई भैरू. माणसाला वाजती. म्हणून माणसाचं धरायचं नस्तं."

"तुम्हाला न्हाई वाजली? मळ्यातनं गाडीवर आलाव ना?"

आबा फळ्याकडं वळले. पुढं त्यांनीच मला सांगितलं, की त्या दिवशी कानाला मफलर बांधूनही त्यांचे दात वाजत होते. पण त्यांना वाटलं, आपलं वय झालं. स्वतःच्या अंगावर त्यांनी संशय घेतला, काचेवर घेतला नाही. खडू उचलून त्यांनी अंदाजाच्या ओळीत लिहिलं: 'येत्या चार दिवसांत अवकाळी पावसाची दाट शक्यता. माल काढून झाकावा.'

त्या सकाळी केंद्रावर कुणी फारसं रेंगाळलं नाही.

सगळ्यात जास्त घाई केली कुशाबाईंनी. नवऱ्यामागं तीन एकर एकट्या बघणारी बाई, बोलायला तिखट, कामाला वाघ. त्यांचा रांगडा, म्हणजे पावसाळ्याअखेर लावलेला कांदा निघायला अजून पंधरा दिवस होते, पात हिरवीगार. त्यांनी बायका लावून दोन दिवसांत सगळा उपटला. आणखी सात-आठ जणांनीही तेच केलं.

चार दिवस गेले. आठ गेले. आभाळ धुतल्यासारखं निळं राहिलं आणि उत्तरेचा वारा आणखी कोरडा झाला. हिरवा काढलेला कांदा मानेत मऊ पडायला लागला. तो ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून लोकांनी मिळेल त्या दरानं देऊन टाकला. घेणारा व्यापारी आमच्याकडं नेहमीचाच, पाटसचे आनंदराव. आणि आनंदराव म्हणजे आबांचे व्याही, त्यांच्या सुनेचे, नीलमचे वडील.

मग गावात जे व्हायचं ते सुरू झालं. कुणी उघड काही म्हणत नव्हतं. आबा केंद्रावर आले की बोलणं थांबायचं आणि ते गेले की परत चालू व्हायचं. कुणीतरी सांगितलं, आनंदरावांची पिकअप आठवड्यातनं दोनदा आबांच्या दारात उभी असते. पूर्वी सणावाराला यायची. दुसरा म्हणाला, येताना रिकामी येते आणि तासाभरानं जाते, तर तासभर बोलतात काय? खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. मी त्या गाडीचा नंबरसुद्धा पाठ केला होता. कशासाठी, ते आता सांगता येणार नाही.

कुशाबाईंनी मात्र तोंडावर विचारलं. "आबा, पाऊस कुठं गेला वो? पाटसला?"

"अंदाज हाय कुशाबाई. चुकू शकतो."

"चुकायचा तर आमच्याच बाजूनं चुकतो व्हय?"

आबा त्या दिवशी कॅन न धुताच घरी गेले. पण माणूस असा, की लोकांच्या संशयानं त्यांना दुःख कमी झालं आणि स्वतःचाच संशय जास्त जागा झाला. सतरा म्हणजे सतरा. काच खोटं बोलणार नाही. म्हणजे कुणीतरी काचेशी खेळतंय.

पहिलं नाव अर्थातच भैरूचं. दोघांच्या बांधावर एक कडुलिंब आहे, त्याच्या फांद्यांवरनं वर्षभरापूर्वी वाजलं होतं. शिवाय आकड्याची चेष्टा त्यानंच पहिल्यांदा केली होती. ज्यानं केलं त्यालाच आधी कळणार, असं आबांनी धरलं. दुसरं नाव त्यांनी स्वतःशीसुद्धा हळूच घेतलं. व्याही आता इतक्यांदा येतात कशाला? आल्यावर चहा घेतात, ऊस कधी तुटणार विचारतात, मग आत पोरीशी हळू आवाजात बोलत बसतात. आबा पडवीतनं खोलीत गेले की दोघंही गप्प होतात.

आबांनी लॅबवाल्या माणसाला शोभेल असं केलं. तव्याखालची काजळी खरवडली, त्यात शेंगदाण्याचं तेल कालवलं आणि काचेच्या लाकडी पाटीला मागच्या बाजूनं बोटानं पातळ लावून ठेवलं. पुढून काही दिसत नव्हतं. हे सगळं दिवेलागणीला, साखरबाई देवापुढं असताना.

दुसऱ्या सकाळी मळ्यातल्या गोठ्यावरनं धारा काढून आले आणि पाटी उलटी करून बघितली. काजळी मधोमध पुसली गेली होती. चार बोटांची रुंदी.

कॅन तसाच गाडीला ठेवून ते भैरूच्या दारात गेले. "जरा तंबाखू दे रे."

भैरूनं दोन्ही हात पुढं करून तंबाखू मळली, चुना लावला, दिली. आबांनी तंबाखू घेतली पण डोळे तळहातावरनं हलवले नाहीत. शेणाचा हिरवा डाग होता, काळं काही नव्हतं.

"काय बघताव आबा? भविष्य?"

आबा तंबाखू मुठीत धरून निघाले. ते तंबाखू खात नाहीत हे भैरूला माहीत होतं, त्यामुळं तोही बराच वेळ त्यांच्या पाठीकडं बघत राहिला.

नेमके त्याच दिवशी दहाच्या सुमाराला आनंदराव आले. आबांनी स्वतः चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली आणि बोटं निरखली. पांढरी स्वच्छ नखं, एक चांदीची अंगठी. व्याही म्हणाले, "पाव्हणं, तब्येत बरी हाय ना? आज चहा तुमच्या हातनं?" आबा म्हणाले, "बरी हाय."

आता घरातलं सांगायला पाहिजे. नीलमला जानेवारीत मुलगी झाली होती, आठव्याच महिन्यात. तिला आई नाही, त्यामुळं माहेरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. पोर दौंडच्या दवाखान्यात पंधरा दिवस उबेच्या पेटीत होती आणि मग इकडंच घरी आणली. आबांना एवढंच सांगितलं होतं, की पोर लवकर आली, आता बरी आहे. नवरा, म्हणजे आबांचा मुलगा संपत, रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला असतो. घरात असला तरी झोपलेला असतो.

आनंदराव गेल्यावर दुपारी आबा जेवून पडवीत बसले होते. दोरीवर बाळाचे कपडे वाळत होते आणि खाटेवर उन्हात साखरबाईंनी नातीला तेल लावायला घेतलं होतं. पोरीच्या डोक्यावरचं पांढरं टोपडं त्यांनी सोडून बाजूला ठेवलं. टोपड्याच्या बंदाजवळ काळा डाग होता. दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट असेल, असं आधी आबांना वाटलं. मग त्यांनी टोपडं उचलून नाकाशी धरलं. शेंगदाण्याच्या तेलाचा वास आला.

ते आत गेले. नीलम भांडी लावत होती. आबांनी टोपडं पुढं धरलं. ती बघताच भिंतीला टेकली.

"काच तू हलवतीस?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुझ्या बापानं सांगितलं व्हतं का?"

हे वाक्य तोंडातनं गेलं आणि ते परत घेता येणार नाही हे आबांना त्याच क्षणी कळलं. नीलमचे डोळे भरले नाहीत. ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली, ओळख नसल्यासारखी. बाहेरनं साखरबाई पोरीला खांद्यावर घेऊन आल्या.

"जीभ आवरा. काय इचारताय ते तरी कळतंय का तुम्हाला?"

"मग तू सांग."

"सांगते. पोरीचं वजन वाढंना. घरी आणली तवा पावणेदोन किलो व्हती. आठ दिवसांनी नेली तर त्याच्यापेक्षा कमी भरली. डॉक्टर म्हणले, खोली गरम ठेवा, पंचवीसच्या खाली जाऊ देऊ नका, पोरीचं दूध सगळं अंग गरम ठेवण्यातच जातंय. आता पत्र्याच्या खोलीत पंचवीस हाय का पंधरा, आमाला कसं कळावं? संपतला सांगितलं, येताना एक तापमापी आण. त्यो रोज उद्या आणतो म्हणतो. मग हिनं तुमची काच न्यायला सुरवात केली. तुम्ही झोपला की आत घ्यायची, सकाळी तुमच्या गाडीचा आवाज वळणावर आला की खिळ्याला लावायची. मला म्हाईत व्हतं. मीच म्हणाले, ने."

"मला सांगायचं."

"कवा सांगायचं? केरसुणी लागली तवा दोन दिवस बोलला न्हाईत. आन् नीलमच म्हणाली, मामांना पोरीचं सांगू नका, काळजी करत्याल. तिच्या बापाला तेवढं सांगितलं. म्हणून त्यो माणूस उठसूट येतोय, नातीचं वजन इचारायला."

रात्रभर उबेत राहिलेली काच पहाटे बाहेर लागायची आणि दोन, पाच, कधी दहा मिनिटांत आबा येऊन आकडा वाचायचे. पारा खाली उतरायला लागलेला असायचा, पण पोचलेला नसायचा. आबांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी खालमानेनं सगळं जुळवून घेतलं.

नीलम आत गेली आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन आली. त्याला टाचलेल्या कागदावर बारीक, सरळ अक्षरात रकाने होते. तारीख. बारा वाजता बावीस. दोन वाजता वीस. चार वाजता एकोणीस, शेगडी पेटवली, तेवीस. सतरा रात्रींचे आकडे होते, एकही वेळ चुकलेली नव्हती. एका ठिकाणी दोनाच्या पुढं रकाना कोरा सोडून लिहिलं होतं, 'झोप लागली'.

आबांनी तो कागद दोनदा वाचला. एकतीस वर्षांत त्यांनी इतरांच्या शेकडो नोंदी तपासल्या होत्या. झोप लागली असं लिहिणारं माणूस त्यांना भेटलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी गाडी काढली आणि शिरूरला जाऊन खोलीत लावायची एक साधी तापमापी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. दुसऱ्या दिवशी उसाचं पाचट आणून त्या खोलीच्या पत्र्यावर हातभर जाड अंथरलं, वर जुनी जाळी टाकून दगड ठेवले. आतनं पत्र्याखाली पोती ताणून बांधली. नीलमशी मात्र ते काही बोलले नाहीत. ती ताट वाढायची, ते जेवायचे.

राहिला फळा. त्या सकाळी आबा खडू हातात घेऊन इतका वेळ उभे राहिले की मागं रांग लागली. खरं कारण लिहिलं असतं तर गावानं काय म्हटलं असतं, ते मीसुद्धा सांगू शकतो. व्यापाऱ्याच्या पोरीनं काच हलवली, व्यापाऱ्याला हिरवा कांदा गावला. नात, वजन, पत्रा, यातलं काही कुणी ऐकून घेतलं नसतं. शेवटी त्यांनी लिहिलं: 'मागच्या सतरा दिवसांतल्या किमान तापमानाच्या नोंदी चुकीच्या होत्या. चूक माझी.' आणि खाली सही केली.

कुशाबाई रांगेत होत्या. "काच चुकली का तुम्ही?"

"मी."

"कशी?"

आबांनी खडू खिशात टाकला.

"कशी चुकली ते सांगितलं तर आमी इसरून जाऊ. न सांगता कसं इसरायचं?"

"न्हाई सांगता येत कुशाबाई."

त्यानं संशय वाढलाच. दुसऱ्या दिवशी मी केंद्र उघडलं तेव्हा सहीच्या खाली वेगळ्या खडूनं ओळ होती: 'व्याह्याला विचारून लिहिलेला अंदाज वाचू नये.' ती कुणी लिहिली मला माहीत आहे, पण सांगत नाही. आबांनी ती वाचली, पुसली नाही. शेजारच्या जागेत त्या दिवसाचे आकडे लिहिले. अंदाजाची ओळ रिकामी सोडली. पुढं पंधरा-वीस दिवस ती रिकामीच राहिली.

होळी झाली. उन्हं तापायला लागली. आणि एका सकाळी आबा कॅन ठेवून म्हणाले, "बर्फ हाय का?"

दुधाच्या टाकीजवळ बर्फ असतो. त्यांनी तो फडक्यात घालून फोडला, पातेल्यात भरला आणि काच त्यात उभी केली. स्वतःची आणि शिरूरहून आणलेली, दोन्ही. पाऱ्याकडं बघत बसले. दोन्ही शून्यावर आल्या. मग मला म्हणाले, "तू बघ." मी बघितलं. "मोठ्यानं सांग." मी सांगितलं. आपला आकडा त्यांनी दुसऱ्याकडनं वाचून घेतलेला मी पहिल्यांदा बघितला.

त्या आठवड्यात किमान चौदावरनं एकोणीसवर गेलं होतं. वारा भीमेच्या पलीकडनं, दौंडच्या अंगानं येत होता आणि गवतावर दव इतकं, की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा. वेधशाळेचाही इशारा आला होता, पण आमच्या गावानं त्या महिन्यात कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. आबांनी लिहिलं: 'शनिवारी दुपारनंतर वादळी पाऊस. गारांची शक्यता. काढलेला कांदा, गहू झाकावा.'

दोघं-तिघं हसले. एकानं विचारलं, "ह्या वेळी कोण घेणार हाय?" भैरू मात्र फळ्याकडं बघून म्हणाला, "म्हशी बी दोन दिस पाण्यावर जाईनात." आणि गेला.

पुढची गोष्ट आबांनी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी आनंदरावांना फोन करायला त्यांनी तीनदा नंबर काढला आणि तीनदा मोबाईल खिशात टाकला. हायवेला लागून व्याह्यांची मोकळी जागा होती, तिथं कांद्याचे ढीग उघड्यावर असायचे. गावाचा माल भिजला आणि व्याह्याचा झाकलेला राहिला, तर मग कायमचंच झालं. म्हणून त्यांनी फोन केला नाही. घरातही एक शब्द काढला नाही, कारण घरात काढलेला शब्द नीलमच्या फोनवरनं पाटसला जाणार. पोरीपायी ती घराबाहेर पडत नव्हती, फळा तिला दिसणार नव्हता. मनातनं व्याह्यांचा संशय गेला होता, पण आबा वागले ते संशय असल्यासारखेच.

शनिवारी चार वाजता नदीच्या बाजूनं आभाळ काळंनिळं झालं. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग बोराएवढ्या गारा. दहा मिनिटं पत्र्यांवर नुसता ताशा. त्यानंतर तासभर पाऊस.

गावात निम्म्यांनी झाकलं होतं, निम्म्यांनी नव्हतं. कुशाबाईंनी उन्हाळी कांद्याचा पहिला ढीग झाकला होता. मी म्हटलं, "विश्वास बसला व्हय परत?" म्हणाल्या, "विश्वास कसला? ताडपत्री घरात पडून व्हती, टाकली."

सोमवारी पाटसहून एसटीनं आलेल्या माणसानं सांगितलं, आनंदरावांचा सगळा माल पाण्यात बसला. झाकलेला एक ढीग नाही. ती बातमी केंद्रावर आली तेव्हा दहा-बारा जण होते. कुशाबाई उठल्या आणि फळ्यावरची ती परक्या खडूची ओळ पदरानं पुसून टाकली. आबांकडं त्यांनी बघितलं नाही. आबांनीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

गावाचा संशय असा फिटला. घरात मात्र तसं झालं नाही. नीलमला बापाचा फोन आला होता. तिनं सासऱ्यांपुढं ताट ठेवलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलली.

"मामा, तुम्हाला आधी म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"फळ्यावर लिव्हलं व्हतं?"

"व्हय."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. आबांचा घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा लिहून झाल्यावर ते परस्पर पाटसला गेले. आनंदराव चिखलात उभे होते. ढीग फोडून कांदा पसरायचं काम चाललं होतं. बिहारकडची चार माणसं ओला कांदा टोपल्यांनी बाहेर काढत होती आणि आनंदराव त्यांना "इधर डालो, छाँव में मत डालो" असं ओरडत होते. आबांना बघून ते थांबले.

"पाव्हणं, एक फोन?" ते म्हणाले. "एवढंच इचारतो. एक फोन का न्हाई केला?"

"लोक म्हणत व्हते, तुमच्यासाठी मी अंदाज लिव्हतो."

"मला म्हाईत हाय. माझ्या कानावर बी आलं व्हतं."

"आन् आधी," आबा म्हणाले, "मला बी तसंच वाटलं व्हतं. तुमी घरी येताव ते कशाला, म्हणून. पोरीला मी इचारलं तसं. तुझ्या बापानं सांगितलं का, म्हणून इचारलं."

हे नीलमनं बापाला सांगितलेलं नव्हतं. आनंदरावांचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मी आलो की पोरीला एकच इचारायचो," ते म्हणाले. "आज किती भरली? पन्नास ग्रॅम वाढली म्हणाली की घरी जाऊन जेवायचो. न्हाई वाढली म्हणाली की न्हाई जेवायचो."

आबा उभेच होते. आनंदरावांनी एक रिकामी टोपली पायानं त्यांच्याकडं सरकवली. "बसा. मऊ पडल्याला येगळा करा. जास्त दाबू नका."

दोघं दुपारपर्यंत समोरासमोर बसून कांदा निवडत होते. पोर दोन किलो चारशे भरली, हे आबांनी सांगितलं, आनंदराव म्हणाले, "चारशे वीस." मग पाणी आलं, ते दोघांनी एकाच तांब्यातनं प्यायलं.

निघताना आनंदरावांनी आभाळाकडं बघितलं. "उद्या ऊन कसं हाय?"

"कडक पडंल," आबा म्हणाले. "पण दुसऱ्या कुणाला तरी इचारून घ्या."

"सकाळीच दोघांना इचारलंय," आनंदराव म्हणाले आणि पुढची टोपली ओढून बसले.